ओटीटी अडकतंय, लॉगिन होत नाही, पैसे कापले गेले: दोष नेमका कुठे आहे हे कसं ओळखायचं?

रविवारची रात्र. जेवणं उरकून घरातले सगळे टीव्हीसमोर बसलेत. सिनेमाची पहिली दहा मिनिटं होतात आणि पडद्यावर गोल चकती फिरायला लागते. कुणी राउटर बंद करून चालू करतं, कुणी ॲप काढून परत टाकतं, कुणी इंटरनेटवाल्याला फोन लावतं. शेवटी कुणीतरी गूगलवर 'कस्टमर केअर नंबर' शोधतं आणि समोर दिसलेल्या पहिल्याच नंबरवर फोन करतं.

यातला शेवटचा उपाय सगळ्यांत महाग पडू शकतो. असे अनेक नंबर भामट्यांचे असतात आणि दोनशे-पाचशे रुपयांच्या सबस्क्रिप्शनच्या तक्रारीपायी बँक खातं रिकामं होऊ शकतं. खरं तर बहुतेक वेळा कुणाला फोन करायची गरजच नसते. दोष कुठे आहे हे कळलं, की उपाय घरातच आणि काही मिनिटांत होतो.

नेटफ्लिक्स असो, प्राइम व्हिडिओ, जिओहॉटस्टार किंवा झी५, ओटीटीवरचा बिघाड पाचपैकी एका ठिकाणी असतो: कंपनीची सेवा, तुमचं इंटरनेट, तुमचं उपकरण आणि त्यातलं ॲप, तुमचं खातं किंवा तुमचं पेमेंट. आधी ही जागा शोधायची आणि मगच उपाय करायचा.

सुरुवातीच्या दोन मिनिटांत काय तपासायचं?

तीन प्रश्नांची उत्तरं शोधली, की निम्मं काम होतं.

१. दुसरा व्हिडिओ चालतो का? त्याच ॲपमधला दुसरा एखादा सिनेमा लावून बघावा. तो नीट चालला तर अडचण फक्त त्या एका सिनेमाच्या फाइलची किंवा त्याच्या हक्कांची आहे.

२. दुसरं ॲप चालतं का? त्याच टीव्हीवर यूट्यूब लावावं. यूट्यूबही अडकत असेल तर दोष इंटरनेटचा. यूट्यूब सुरळीत आणि फक्त ओटीटी बंद असेल तर दोष ॲपचा, खात्याचा किंवा कंपनीचा.

३. दुसऱ्या उपकरणावर चालतं का? टीव्हीवर न चालणारा कार्यक्रम मोबाइलवर, वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर लावावा. मोबाइलवर चालला तर खातं ठीक आहे आणि कंपनीची सेवाही सुरू आहे. मग राहिले टीव्ही आणि घरचं वाय-फाय.

यूट्यूब चालतं, पण त्या ओटीटीवर दुसरा व्हिडिओही चालत नाही आणि दुसऱ्या उपकरणावरही नकारच येतो, तर सेवा बंद पडली असण्याची शक्यता मोठी असते. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीतही हे घडतं. माइक टायसन आणि जेक पॉल यांची मुष्टियुद्धाची लढत नेटफ्लिक्सने थेट दाखवली, तेव्हा, म्हणजे भारतात १६ नोव्हेंबर २०२४ च्या सकाळी, असंख्य प्रेक्षकांचं चित्र अडकत होतं. अशा वेळी राउटर बंद-चालू करून काहीच साधत नाही. कंपनीच्या हेल्प पानावर सेवेची स्थिती दिलेली असते, डाउनडिटेक्टरसारख्या साइटवर इतरांच्या तक्रारी दिसतात. तिथे गर्दी दिसली तर थांबणं हाच उपाय. घाईघाईत ॲप काढून टाकलं तर डाउनलोड केलेले भागही जातात आणि परत लॉगिन करण्याचा नवा ताप मागे लागतो.

चित्र अडकतं किंवा धूसर दिसतं

ओटीटीवरचा सिनेमा अखंड फाइल म्हणून येत नाही. त्याचे काही सेकंदांचे छोटे छोटे तुकडे केलेले असतात आणि प्रत्येक तुकडा कमी-जास्त दर्जाच्या अनेक आवृत्त्यांमध्ये तयार असतो. इंटरनेटचा वेग बघून ॲप पुढचा तुकडा कोणत्या दर्जाचा मागवायचा ते ठरवतं. म्हणून वेग कमी झाला, की आधी चित्र धूसर होतं. सगळ्यांत हलक्या आवृत्तीइतकाही वेग उरला नाही, की चकती फिरते. चित्र धूसर होणं ही म्हणजे आधी मिळालेली सूचनाच असते.

किती वेग लागतो? नेटफ्लिक्सच्या शिफारशीनुसार ७२०पी चित्रासाठी ३ एमबीपीएस, १०८०पी म्हणजे फुल एचडीसाठी ५ एमबीपीएस आणि ४केसाठी १५ एमबीपीएस. हा वेग एका पडद्यासाठी आहे. घरात एकाच वेळी टीव्हीवर सिनेमा, एका मोबाइलवर क्रिकेट आणि लॅपटॉपवर ऑफिसची मीटिंग चालू असेल तर बेरीज करावी लागते.

वेग मोजण्यासाठी नेटफ्लिक्सचीच फास्ट डॉट कॉम ही मोफत साइट आहे. मात्र वेग मोजायचा तो टीव्ही जिथे आहे तिथे उभं राहून. राउटरशेजारी ५० एमबीपीएस मिळतात आणि दोन भिंतींपलीकडच्या खोलीत ४, असं विटा-काँक्रीटच्या घरांत सर्रास होतं. 

घरच्या वाय-फायसाठी हे उपाय करून बघावेत:

• राउटर टीव्हीच्या मागे, कपाटात किंवा जमिनीवर ठेवू नये. उंचावर, मोकळ्या जागी ठेवावा.

• बहुतेक राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशी दोन नेटवर्कं देतात. ५ चा वेग जास्त, पण पल्ला कमी. टीव्ही त्याच खोलीत असेल तर ५ निवडावं, भिंतीपलीकडे असेल तर २.४. इमारतीत शेजाऱ्यांचे बरेच राउटर असतील तर २.४ वर गर्दी होते, हेही लक्षात ठेवावं.

• टीव्हीला लॅन केबल जोडता येत असेल तर तो सगळ्यांत खात्रीचा उपाय. 

• राउटरचा प्लग काढून अर्धा मिनिट थांबावं, मग परत लावावा. सगळे दिवे स्थिर झाल्यावरच टीव्ही चालू करावा.

मोबाइल डेटावर बघणाऱ्यांची अडचण वेगळी असते. नेटफ्लिक्सच्याच आकड्यांनुसार मध्यम दर्जाला तासाला सुमारे ०.७ जीबी डेटा लागतो, तर उच्च दर्जाच्या एचडीला ३ जीबीपर्यंत. रोज दीड जीबीचं रिचार्ज असेल तर एचडीमध्ये पूर्ण सिनेमा होतच नाही. कोटा संपल्यावर बऱ्याच प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. व्हॉट्सॲपचे मेसेज जातात, त्यामुळे 'नेट तर चालू आहे' असं वाटतं, पण त्या वेगात व्हिडिओ चालणं शक्य नसतं. म्हणून मोबाइलवर चित्र अचानक थांबलं, की आधी शिल्लक डेटा बघावा. ॲपच्या सेटिंगमध्ये डेटा वापराचा पर्याय 'लो' किंवा 'सेव्ह डेटा' ठेवता येतो. घरच्या वाय-फायवर भाग आधीच डाउनलोड करून ठेवणं त्याहून सोयीचं.

फक्त रात्री आठ ते अकरा या वेळेतच चित्र अडकत असेल तर दोष परिसरातल्या जोडणीवरच्या गर्दीचा असू शकतो. दुपारी आणि रात्री, असे दोन्ही वेळचे वेग मोजून त्यांचे स्क्रीनशॉट इंटरनेट कंपनीला पाठवले, की 'आमच्याकडून सगळं ठीक आहे' हे उत्तर देणं त्यांना अवघड जातं.

आवाज येतो, चित्र काळं

ही तक्रार इंटरनेटची नसते. सिनेमे कॉपी होऊ नयेत म्हणून ओटीटी कंपन्या त्यांना डिजिटल कुलूप लावतात. मोबाइलवर सिनेमाचा स्क्रीनशॉट घेतला तर काळा चौकोन येतो, तो याच कुलपामुळे. मोबाइलचा पडदा टीव्हीवर 'मिरर' केल्यावर चित्र काळं दिसतं, तेही बहुधा याच कारणाने. तिथे मिररिंगऐवजी ॲपमधलं कास्ट बटण असेल तर ते वापरावं किंवा टीव्हीवरचंच ॲप लावावं.

लॅपटॉप किंवा सेट टॉप बॉक्स एचडीएमआय केबलने जोडला असेल तर केबलची दोन्ही टोकं काढून परत बसवावीत, टीव्हीचा दुसरा पोर्ट वापरून बघावा आणि केबल बदलून बघावी. मध्ये जोडलेला स्वस्तातला स्प्लिटर हेही नेहमीचं कारण आहे. त्याला कुलपाची भाषा कळत नाही आणि चित्र अडवलं जातं.

नव्या मोबाइलवर यूट्यूब एचडीमध्ये दिसतं, पण ओटीटीचं चित्र कायम फिकट, असंही होतं. अँड्रॉइड फोनमध्ये या कुलपाचं नाव वाइडवाइन. त्याच्या एल१ पातळीचं प्रमाणपत्र असलेल्या फोनवर एचडी मिळतं. एल३ असलेल्या फोनवर नेटफ्लिक्ससारखी ॲप ४८०पीपर्यंतच चित्र देतात, मग प्लॅन कितीही महाग घ्या. नेटफ्लिक्सच्या ॲप सेटिंगमधल्या 'प्लेबॅक स्पेसिफिकेशन'मध्ये ही पातळी दिसते. महागडा प्लॅन घेण्याआधी ती बघून घेतली तर पैसे वाचतात.

उलट, चित्र आहे आणि आवाज नाही, किंवा संगीत मोठं आणि संवाद बारीक, असं असेल तर ऑडिओच्या यादीत '५.१' निवडलेलं आहे का ते बघावं. सहा वाहिन्यांचा हा आवाज साध्या टीव्हीच्या दोन स्पीकरवर नीट उतरत नाही. तिथे साधा किंवा 'स्टिरिओ' पर्याय निवडावा.

ॲप उघडत नाही किंवा मध्येच बंद पडतं

रिमोटने टीव्ही बंद केला तरी तो पूर्ण बंद होत नाही, फक्त झोपतो. ॲप त्याच्या स्मृतीत तसंच अडकून राहतं. म्हणून पहिला उपाय म्हणजे टीव्हीचा प्लग भिंतीतून काढून एक मिनिट थांबणं. त्यानेच बऱ्याच तक्रारी मिटतात. तेवढ्याने भागलं नाही तर पुढच्या पायऱ्या याच क्रमाने कराव्यात: ॲप अपडेट करणं, ॲपची कॅश पुसणं, लॉगआउट होऊन परत लॉगिन करणं आणि सगळ्यांत शेवटी ॲप काढून परत टाकणं. हलका उपाय आधी, भारी उपाय नंतर.

दोन कारणं सहसा कुणाच्या लक्षात येत नाहीत. पहिलं म्हणजे तारीख आणि वेळ. टीव्हीचं घड्याळ चुकलेलं असेल तर सर्व्हरचं सुरक्षा प्रमाणपत्र त्याला अवैध वाटतं आणि जोडणी नाकारली जाते. लाइट गेल्यावर जुन्या टीव्हीत तारीख मागे जाते. ती 'ऑटोमॅटिक'वर ठेवावी. दुसरं म्हणजे जागा. स्वस्त स्मार्ट टीव्हीत साठवणुकीची जागा थोडी असते. ती भरली, की ॲप अपडेट होत नाही. न लागणारी ॲप काढून टाकली तर हा प्रश्न सुटतो.

पडद्यावर येणारा कोड दुर्लक्षित करू नये, त्याचा फोटो काढून ठेवावा. नेटफ्लिक्समध्ये 'एनडब्ल्यू-२-५' हा कोड नेटवर्कशी जोडणी होत नसल्याचं सांगतो, म्हणजे राउटरकडे जा. 'यूआय-८००-३' आला तर उपकरणात साठलेली माहिती ताजी करायची गरज आहे, म्हणजे ॲपकडे जा. इतर ॲपचेही असेच कोड त्यांच्या हेल्प विभागात शोधता येतात. 

टीव्ही फार जुना असेल तर ॲपचा आधारच संपलेला असू शकतो. सॅमसंगच्या २०१० आणि २०११ सालच्या काही टीव्हींवर डिसेंबर २०१९ पासून नेटफ्लिक्स चालणं बंद झालं. टीव्हीचा पडदा चांगला असेल तर नवा टीव्ही घेण्याऐवजी एचडीएमआयमध्ये लावायची स्ट्रीमिंग स्टिक पुरेशी होते.

लॉगिन होत नाही

पासवर्ड बदलण्याआधी एक गोष्ट आठवून बघावी: खातं उघडलं होतं कशाने? मोबाइल नंबरने, ईमेलने की मोबाइल कंपनीच्या रिचार्जमधून? एकाच माणसाची नकळत दोन खाती होणं हा नेहमीचा घोळ आहे. पैसे भरलेले असतात नंबरवरच्या खात्यात आणि लॉगिन केलेलं असतं ईमेलने. मग 'प्रीमियम घेऊनही ॲप पैसे मागतंय' अशी तक्रार होते.

रिचार्जसोबत मिळालेलं सबस्क्रिप्शन त्याच नंबराशी आणि त्याच रिचार्जशी बांधलेलं असतं. पुढचं रिचार्ज वेगळ्या प्लॅनचं केलं तर ओटीटी बंद होतं. अनेकदा ते आपोआप सुरूही होत नाही. मोबाइल कंपनीच्या ॲपमध्ये जाऊन 'ॲक्टिव्हेट' करावं लागतं.

ओटीपी येत नसेल तर फोनचं नेटवर्क, भरलेला मेसेज बॉक्स आणि स्पॅमचा कप्पा तपासावा. नंबर बदलणाऱ्यांनी विशेष सावध राहावं. भारतात बंद झालेला मोबाइल नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. जुन्या नंबरवरचं ओटीटी खातं तसंच राहिलं तर त्याचा ओटीपी परक्याच्या हातात जातो. म्हणून जुनं सिम बंद करण्याआधी सगळ्या खात्यांतला नंबर बदलून घ्यावा.

'खूप उपकरणांवर चालू आहे' असा संदेश

हा बिघाड नाही, प्लॅनची मर्यादा आहे. नेटफ्लिक्सचा भारतातला 'मोबाइल' प्लॅन एका वेळी एकाच फोनवर किंवा टॅबवर चालतो, टीव्हीवर नाही. प्राइम व्हिडिओने भारतात जानेवारी २०२५ पासून पाच उपकरणांची मर्यादा ठेवली आणि त्यांत जास्तीत जास्त दोन टीव्ही. एका घराबाहेर पासवर्ड वाटून घेण्यावर नेटफ्लिक्सने भारतात जुलै २०२३ पासून बंधन आणलं. त्यामुळे पुण्यातल्या मुलाचं खातं साताऱ्यातल्या आई-बाबांच्या टीव्हीवर चालेनासं झालं तर टीव्हीत दोष शोधण्यात अर्थ नाही. 

जुना विकलेला टीव्ही, हॉटेलच्या खोलीतला टीव्ही किंवा मित्राचा लॅपटॉप यांवर लॉगिन तसंच राहिलं असेल तर तेही जागा अडवतं. खात्याच्या सेटिंगमध्ये उपकरणांची यादी असते. ओळखीची नसलेली उपकरणं तिथून काढता येतात.

खातं दुसऱ्याच्या हाती गेलं असेल तर?

'पुढे बघा'च्या यादीत कधीच न बघितलेले कार्यक्रम, अनोळखी प्रोफाइल, अचानक बदललेली भाषा किंवा परक्या शहरातून लॉगिन झाल्याचा ईमेल ही त्याची लक्षणं. बहुतेक वेळा कुणी ओटीटी कंपनी फोडलेली नसते. दुसऱ्याच एखाद्या साइटवरून फुटलेला पासवर्ड इथे वापरून बघितलेला असतो, आणि दोन्हीकडे एकच पासवर्ड असल्याने तो चालतो.

अशा वेळी क्रम महत्त्वाचा. आधी ईमेलचा पासवर्ड बदलावा आणि त्याला दुहेरी पडताळणी लावावी, कारण ईमेल भामट्याच्या हाती असेल तर नवा पासवर्डही त्यालाच कळतो. मग ओटीटीचा पासवर्ड बदलावा, 'सर्व उपकरणांवरून साइन आउट' हा पर्याय दाबावा आणि शेवटी खात्यातला नंबर, ईमेल आणि प्लॅन कुणी बदललाय का ते बघावं. 

पैसे कापले गेले, पण सेवा नाही

पेमेंटच्या तक्रारी चार प्रकारच्या असतात.

पहिला प्रकार: पेमेंट अडकलं. पैसे गेले, पण प्लॅन सुरू झाला नाही. घाईने परत पैसे भरू नयेत. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमानुसार यूपीआयने व्यापाऱ्याला केलेलं पेमेंट असं मध्येच अडकलं तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. यूपीआय ॲपमधला व्यवहार क्रमांक जपून ठेवावा.

दुसरा प्रकार: नको असताना नूतनीकरण झालं. 'ॲप काढून टाकलं, तरी पैसे गेले' ही तक्रार फार ऐकू येते. ॲप काढल्याने सबस्क्रिप्शन रद्द होत नाही. पैसे जिथून भरले, तिथूनच ते रद्द करावं लागतं. गूगल प्ले किंवा ॲपलच्या ॲप स्टोअरमधून घेतलं असेल तर त्यांच्या 'सबस्क्रिप्शन' यादीतून, कंपनीच्या साइटवर घेतलं असेल तर खात्याच्या सेटिंगमधून. यूपीआय ऑटोपेने जात असेल तर यूपीआय ॲपमध्ये 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' या नावाखाली ते दिसतं आणि तिथेच थांबवता येतं. 

याबाबतीत ग्राहकाच्या बाजूने एक चांगली सोय आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डवरच्या आवर्ती पेमेंटसाठी रिझर्व्ह बँकेची चौकट सक्तीची झाली. सुरुवातीला एकदा ओटीपी द्यावा लागतो आणि पुढे प्रत्येक वेळी पैसे जाण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी. त्या सूचनेवरून ते पेमेंट नाकारताही येतं. 'अमुक तारखेला इतके रुपये जातील' असा मेसेज जाहिरात समजून पुसून टाकू नये, पैसे वाचवायची संधी तीच असते.

तिसरा प्रकार: दोनदा पैसे. घरात एकाच ओटीटीचं सबस्क्रिप्शन एकीकडे मोबाइल रिचार्जमधून, दुसरीकडे ब्रॉडबँड प्लॅनमधून आणि तिसरीकडे थेट, असं तिहेरी चालू असू शकतं. नवं रिचार्ज करण्याआधी त्यासोबत काय काय फुकट मिळतंय ते एकदा वाचावं.

चौथा प्रकार: प्लॅन आहे, तरी जाहिराती किंवा जास्तीचे पैसे. प्राइम व्हिडिओवर भारतात जून २०२५ पासून जाहिराती दिसू लागल्या आणि त्या नको असतील तर वेगळी रक्कम ठेवली गेली. भाड्याने मिळणारे सिनेमे आणि ॲपच्या आतली इतर चॅनल यांचे पैसे मूळ सबस्क्रिप्शनमध्ये धरलेले नसतात. बघण्याआधी किंमत दिसतेय का, याकडे लक्ष द्यावं. मुलांच्या हाती रिमोट असेल तर खरेदीला पिन लावून ठेवावा.

गावाबाहेर नव्हे, देशाबाहेर गेल्यावर

दुबईला किंवा अमेरिकेला मुलाकडे गेलेल्या आई-बाबांना नेहमीची मालिका ॲपमध्ये सापडत नाही. ॲप बिघडलेलं नसतं. सिनेमे आणि मालिका दाखवण्याचे हक्क देशवार विकले जातात, त्यामुळे देश बदलला की यादी बदलते. व्हीपीएन लावून ही यादी बदलायला गेलं, की नवीच अडचण येते. अनेक सेवा व्हीपीएन ओळखतात आणि व्हिडिओ अडवतात. ऑफिसच्या कामासाठी लावलेला व्हीपीएन चालू राहिल्याने भारतातही असं होतं, तो बंद करून बघावा. परदेशी जाताना ओटीपी ज्या भारतीय नंबरवर येतो तो चालू ठेवावा.

'कस्टमर केअर'चा सापळा

आता सुरुवातीच्या त्या फोनकडे. वैतागलेला ग्राहक घाईत असतो आणि भामट्यांना तीच घाई हवी असते. ते खोट्या साइट बनवतात, नकाशांवर आणि प्रश्नोत्तरांच्या पानांवर आपले नंबर टाकतात. सोशल मीडियावर तर ग्राहकच त्यांना सापडतो. कुणी कंपनीला टॅग करून 'पैसे कापले, कुणी दखल घेत नाही' असं लिहिलं, की काही मिनिटांत कंपनीचा लोगो लावलेलं खोटं खातं 'आपला नंबर मेसेज करा' असं उत्तर देतं.

पुढचा संवाद ठरलेला असतो. गोड आवाजात माफी मागितली जाते, 'रिफंड लगेच देतो' असं सांगितलं जातं. मग एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअरसारखं ॲप टाकायला लावतात. त्यातून तुमचा पडदा समोरच्याला दिसतो आणि त्याबरोबर बँकेचे ओटीपीही. किंवा 'रिफंड स्वीकारण्यासाठी' यूपीआय पिन टाकायला सांगतात.

एवढं पाठ असलं तरी पुरे: यूपीआय पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही.

'तुमचं खातं आज बंद होणार, कार्ड अपडेट करा' असे ईमेल आणि मेसेजही याच जातीचे. मेसेज किंवा ईमेलवर कार्डचे तपशील कधीच मागत नाही, असं नेटफ्लिक्सने स्पष्ट केलेलं आहे. दुव्यावर न जाता थेट ॲप उघडावं. खरंच पेमेंट अडलं असेल तर तिथे सूचना दिसते. कंपनीशी बोलायचं असेल तर ॲपमधल्या 'हेल्प' विभागातूनच जावं.

फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नये. लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करावा, सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर तक्रार नोंदवावी आणि बँकेला कळवून खातं किंवा कार्ड थांबवावं. जितक्या लवकर कळवलं जाईल, तितकी पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवण्याची शक्यता जास्त. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने स्वतः ओटीपी दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, पण कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं. म्हणून इथे एक-एक तास मोलाचा असतो.

कंपनी ऐकत नसेल तर

तक्रार मोघम नको. 'तुमचं ॲप बेकार आहे' या वाक्याला ठरावीक उत्तर येतं. त्याऐवजी उपकरणाचं नाव आणि मॉडेल, ॲपची आवृत्ती, पडद्यावरचा कोड, तारीख-वेळ, मोजलेला वेग आणि आधी केलेले उपाय लिहावेत. पैशांची तक्रार असेल तर व्यवहार क्रमांक द्यावा. कार्ड नंबर, ओटीपी किंवा पासवर्ड लिहू नये. तक्रार क्रमांक मिळाला, की त्याचा स्क्रीनशॉट ठेवावा.

तरीही दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर जाता येतं. सबस्क्रिप्शन घेणं सोपं आणि रद्द करणं मुद्दाम अवघड ठेवणं याला नोव्हेंबर २०२३ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांत 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' म्हटलं आहे आणि अशा फसव्या रचनांना मनाई आहे. रद्द करण्याचं बटण सापडतच नसेल तर तक्रारीत हा मुद्दा जरूर लिहावा.

थोडक्यात: लक्षण आणि दोषाची जागा

• सगळी ॲप अडकतात: इंटरनेट किंवा संपलेला डेटा.

• एकच ॲप, पण सगळ्या उपकरणांवर बंद: कंपनीची सेवा किंवा खातं.

• एकच ॲप, एकाच टीव्हीवर बंद: टीव्ही किंवा ॲप. प्लग काढून एक मिनिट थांबा.

• आवाज आहे, चित्र काळं: केबल, स्प्लिटर किंवा मिररिंग.

• पैसे भरूनही ॲप पैसे मागतं: चुकीचं लॉगिन किंवा अडकलेलं पेमेंट.

• 'खूप उपकरणं': प्लॅनची मर्यादा किंवा कुठेतरी राहिलेलं जुनं लॉगिन.

• फोनवरचा माणूस पिन, ओटीपी किंवा नवं ॲप टाकायला सांगतो: फोन ठेवा.

घरातल्या ज्येष्ठांना बाकी काही सांगता आलं नाही, तरी यातली शेवटची ओळ नक्की सांगावी. सिनेमा उद्याही बघता येतो, गेलेले पैसे मात्र सहज परत येत नाहीत.